वॉर्डातला स्वयंसेवक: काय करायचं, कुठे थांबायचं

रुग्णालयात भरती झालेल्या थकलेल्या वृद्धांना बाहेरच्या माणसाची मदत कशी होऊ शकते, याबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले आठ निवडून उत्तरं देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

निवृत्त शिक्षिका, सातारा: आठवड्यातल्या दोन सकाळी मी जवळच्या रुग्णालयात देऊ शकते. तिथे विचारलं तर "आजी-आजोबांशी गप्पा मारा" एवढंच सांगतात. नर्सिंग न शिकलेल्या माणसाचा तिथे खरोखर काही उपयोग असतो का?

असतो, आणि तो गप्पांच्या बराच पुढे जातो. ऐंशीच्या घरातलं थकलेलं माणूस घरी कसंबसं का होईना, आपलं आपण निभावत असतं. भिंतीला धरून चालतं, चष्म्याने पेपर वाचतं, कवळी लावून जेवतं, ठरलेल्या जागी झोपतं. भरती झाल्याबरोबर यातलं बहुतेक सगळं एका दिवसात सुटतं. चष्मा पिशवीत तळाला जातो, कवळी रुमालात गुंडाळली जाते, काठी घरीच राहते. कॉट उंच, संडास कॉरिडॉरच्या टोकाला आणि रात्रभर डोक्यावर ट्यूबलाइट. मग न्यूमोनिया बरा होतो, पण माणूस उठून बसेनासा होतो. साठीपुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवल्याचा एक अमेरिकी अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या दहा दिवसांत दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ किलोभर मांस झडलं होतं, आणि ही माणसं आजारी नव्हती.

अमेरिकेतच न्यू हेवन इथे येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेलं काम १९९९ साली छापून आलं. सहा गोष्टी त्यांनी नेमाने सांभाळल्या: दिवस-वेळेचं भान, झोप, हालचाल, नजर, ऐकणं आणि पाणी. खाटेपाशी करायचं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना रुग्णालयात भ्रम (आजारपणात अचानक उडणारा मनाचा गोंधळ) झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती म्हणजे एकदा भ्रम झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. त्यामुळे स्वयंसेवक लागतो तो भरतीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, पेशंट अजून ठीक दिसत असताना. वॉर्डात गेल्यावर "जास्त त्रास देणारे पेशंट कोणते?" असं विचारण्यापेक्षा "काल-आज भरती झालेले सत्तरीपुढचे कोण?" असं विचारा.

आता प्रत्यक्ष काम. आधी सिस्टरना भेटून प्रत्येक पेशंटबद्दल चार गोष्टी विचारून घ्या: तोंडाने खायला-प्यायला द्यायचं का, पाण्यावर मर्यादा आहे का, उठायला परवानगी आहे का, संसर्गाची काही काळजी घ्यायची का. मग हात धुऊन खाटेपाशी जा. पायथ्याशी उभं राहून बोलू नका. स्टूल ओढून समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा. आपलं नाव आणि काम सांगा आणि त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते ते विचारा. जन्मभर "सर" किंवा "बाई" ऐकलेल्या माणसाला सरसकट "आजोबा", "आजी" म्हटलेलं रुचत नाही, आणि मग तो मिटून जातो.

त्यानंतर चष्मा पुसून डोळ्यावर, कवळी धुऊन तोंडात, कानाचं मशीन कानात. आज वार कोणता, तारीख काय, आपण कुठे आहोत आणि का, हे बोलण्याच्या ओघात सांगायचं, परीक्षा घेतल्यासारखं विचारायचं नाही. तीन-चार घोट पाणी पुढे करायचं. बरेच वृद्ध मुद्दाम पाणी टाळतात, कारण संडासापर्यंत नेणार कोण ही धास्ती असते. म्हणून पाणी देताना "लघवीला जायचं असेल तर मी मावशींना बोलावते" हेही त्याच दमात सांगा. हृदय निकामी होत चाललेल्या किंवा किडनीच्या पेशंटला मात्र मोजूनच पाणी असतं. तिथे आपला आग्रह अंगाशी येईल.

एका खाटेपाशी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उठताना पाण्याचा पेला, चष्मा आणि बेलचं बटण सलाईन नसलेल्या हाताच्या बाजूला ठेवा. या एका गोष्टीकडे वॉर्डात सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जाता जाता सिस्टरना काय पाहिलं ते सांगा. "काल पेपर वाचत होते, आज नावही सांगताना अडखळले", अशा एका वाक्यावरून डॉक्टर पुढची तपासणी लावू शकतात.

गृहिणी, नाशिक: सासूबाईंना वॉर्डात भरवताना जोराचा ठसका लागला आणि सिस्टर रागावल्या. मी स्वतः पुढे स्वयंसेवक म्हणून भरवण्याची मदत करू इच्छिते. भरवण्यात नेमकं काय चुकतं?

भरवणं हे वॉर्डातलं सगळ्यात उपयोगी काम आणि सगळ्यात जोखमीचंही, म्हणून याला जागा जास्त देतो.

आधी कोणाला भरवायचं नाही ते. झोपेत किंवा गुंगीत असलेल्या माणसाला एक चमचाही नाही. खाटेवर "तोंडाने काही देऊ नये" अशी पाटी असेल तर पाणीसुद्धा नाही. लकवा येऊन गेला असेल आणि गिळण्याची तपासणी झाली नसेल तर नाही. नाकात नळी असेल तर ते काम फक्त सिस्टरचं.

सगळ्यात जास्त चूक होते ती बसवण्यात. कॉटचं हँडल फिरवून डोक्याकडचा भाग वर केला म्हणजे पेशंट बसला, असं आपल्याला वाटतं. पण पेशंट खाली घसरलेला असतो, त्यामुळे कॉट कमरेशी न दुमडता त्याच्या छातीशी दुमडते. पोट दाबलं जातं, मान मागे पडते, हनुवटी वर जाते आणि श्वासनलिकेची वाट उघडी राहते. आधी मावशींना आणि सिस्टरना बोलावून पेशंटला वर सरकवून घ्या, कंबर कॉटच्या दुमडीवर येऊ द्या, मगच डोकं वर करा. पाठीमागे उशी, गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर. खुर्चीत बसता येत असेल तर फारच चांगलं. हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने बसूनच भरवायचं. उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो आणि मान पुन्हा मागे जाते.

चमचा चहाचा आणि तोही अर्धाच भरलेला. समोरून, थोडा खालून आणा, जिभेच्या मध्यावर टेकवा, ओठ मिटू द्या आणि सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून घास आत लोटायचा नाही. मग थांबा. गळ्यातला कंठमणी वर जाऊन खाली आला की घास गेला. तो जाण्याआधी दुसरा चमचा पुढे करणं हे ठसक्याचं नेहमीचं कारण. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका, कारण उत्तर द्यायला ते श्वास आत ओढतात. लकव्याच्या पेशंटच्या कमजोर बाजूच्या गालात घास साठून राहतो. दर चार-पाच घासांनी तोंड उघडायला सांगून बघा. पेशंटला चमचा धरता येत असेल तर धरू द्या आणि आपला हात त्याच्या हाताखाली आधाराला ठेवा. पेशंटने आपल्या हाताने घेतलेला घास जास्त सुरळीत गिळला जातो. वेळ अर्धा-पाऊण तास लागेल हे धरूनच बसा. दमले तर थांबा. अर्धं ताट शांतपणे गेलेलं बरं.

पदार्थ कोणता? घोटलेला मऊ वरणभात, गुरगुट्या खिचडी, घट्ट दही, कुस्करलेलं केळं, मऊ शिरा हे सगळं एकजीव असतं आणि एका गोळ्याने जातं. त्रास देतात ते दोन प्रकारचे पदार्थ. एक कोरडे आणि सुटे: पोहे, चिवडा, भाकरीचा कोरडा तुकडा, बिस्किटाचा चुरा. दुसरे पातळ आणि घट्ट एकत्र: पातळ आमटीत तरंगणारी शितं, रश्शातले बटाट्याचे तुकडे, आणि आपली लाडकी दूधपोळी. तिच्यात दूध आधी घशाकडे धावतं आणि पोळीचा तुकडा अजून चघळलाच जात असतो. द्यायचीच असेल तर पोळी दुधात पूर्ण विरघळेपर्यंत कुस्करून लापशीसारखी करा. निव्वळ पाणी गिळायला सोपं वाटतं, पण ते वेगाने घसरतं, म्हणून अशक्त घशाला तेच सर्वांत अवघड. पाणी दाट करून द्यायचं का आणि किती, हे गिळण्याचे थेरपिस्ट किंवा डॉक्टर ठरवतात. आपल्या मनाने काही मिसळू नका. गोळी कुटून भातात घालणं तर स्वयंसेवकाने करायचंच नाही. काही गोळ्या कुटल्या की औषध एकदम अंगात उतरतं.

ठसका लागला, आवाज ओला, घरघरता झाला, डोळ्यांत पाणी आलं, श्वास वाढला, तर भरवणं तिथेच बंद. खोकला जोरात येत असेल तर पुढे वाकवून खोकू द्या. डोक्यावर थोपटून वरून पाणी पाजायची आपल्याकडची सवय अशा वेळी घातक आहे. खोकलाच येत नाही, आवाज फुटत नाही, चेहरा निळसर पडतो, तर घास श्वासनलिकेत अडकलाय. मोठ्याने हाक मारून सिस्टरना बोलावा आणि त्या येईपर्यंत पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच जोरकस थापा द्या. काही थकलेल्या माणसांचं अन्न ठसका न लागताही फुप्फुसात उतरतं. त्यामुळे जेवणानंतर तासाभरात धाप किंवा ताप दिसला तर तेही सांगायचं.

जेवण झाल्यावर चूळ भरायला लावा, कवळी धुवा आणि निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. "जेवले" एवढं सांगून भागत नाही. किती चमचे गेले, काय नको म्हणाले, कुठे अडखळले ते सांगा. घरच्या डब्याबद्दलही आधी विचारा. मीठ बंद असलेल्या पेशंटला लोणच्याची फोड प्रेमानेच दिली जाते आणि संध्याकाळी पायांना सूज येते.

एनएसएसचा विद्यार्थी, कोल्हापूर: आजोबांना थोडं चालवून आणा, असं नातेवाईक आम्हाला सांगतात. पडले तर? नाही म्हणायचं का?

सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टने "या पेशंटला, एका माणसाच्या आधाराने, इथपर्यंत" असं स्पष्ट सांगितलं असेल तर हो म्हणा. नातेवाइकांच्या सांगण्यावरून नाही. ज्यांना दोन माणसं लागतात त्यांच्या वाटेला स्वयंसेवकाने जायचं नाही.

निघण्याआधी वाट मोकळी करा: ओली फरशी, सलाईनची वायर, खाटेखालून बाहेर आलेलं भांडं. पायांत घसरणार नाही अशी मागून पट्टा असलेली चप्पल, नुसते मोजे नकोत. धोतर, लुंगी, गाऊन जमिनीवर लोळत असेल तर खोचा. लघवीची पिशवी असेल तर ती कमरेखालीच राहिली पाहिजे. वर उचलली की लघवी उलटी जाते.

मग घाई न करता आधी खाटेच्या काठावर पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवा. बराच वेळ झोपून उठल्यावर बीपी झपकन खाली येतं आणि पहिल्या तीन मिनिटांतच चक्कर येते. "गरगरतंय का?" विचारा. हो म्हणाले तर परत आडवे. उठताना त्यांनी स्वतः खाटेवर हात रेटून उठायचं. तुम्ही काखेत हात घालून ओढायचं नाही. खांदा निखळतो, तुमचीही कंबर धरते. चालताना त्यांच्या कमजोर बाजूला, अर्ध पाऊल मागे राहा. एक हात कमरेमागे, दुसरा त्यांच्या तळहाताखाली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण उलट धरतात. चालता चालता फोन किंवा गप्पा नकोत. ज्यांचा तोल कच्चा आहे ते बोलायला लागले की पाऊल चुकतं. वाटेत खुर्ची ठेवा. परत यायलाही तेवढंच अंतर असतं हे निघताना विसरलं जातं.

पडायला लागलेच तर धरून उभं ठेवायचा हट्ट करू नका. जवळ ओढून आपल्या पायावरून हळू खाली बसवा, डोकं सांभाळा आणि हाक मारा. पडलेल्याला उचलू नका, अगदी ते स्वतः "काही नाही झालं" म्हणाले तरी. खुब्याचं हाड मोडलेलं असताना माणूस हसून बोलतो.

चालणं जमत नसेल तरी दुपारचं जेवण खाटेऐवजी खुर्चीत, हेही व्यायामातच मोडतं.

मुलगी, डोंबिवली: ८२ वर्षांच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्रीपासून ते भलतंच बरळतात, सलाईन ओढतात, मला ओळखत नाहीत. सकाळी बरे असतात. वेड लागलं का? स्वयंसेवक बसवला तर फरक पडेल का?

हे वेड नाही, आणि अचानक सुरू झालं असेल तर स्मृतिभ्रंशही नाही. ऑपरेशननंतर, तापात, संसर्गात थकलेल्या मेंदूला होणारा हा भ्रम आहे. जुने लोक "वात झाला" म्हणतात तोच. तो तासातासाला कमी-जास्त होतो, म्हणून सकाळच्या राउंडला डॉक्टरांना ते ठीक दिसतात. रात्री काय होतं ते तुम्ही वेळेसकट लिहून दाखवा.

यामागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: दबून राहिलेलं दुखणं, तुंबलेली लघवी, चार-पाच दिवसांचा बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कमी झालेलं सोडियम, नवं औषध, छातीचा किंवा लघवीचा संसर्ग. एक गोष्ट घरचे संकोचाने लपवतात. वडील रोज दारू घेत असतील तर ते आजच डॉक्टरांना सांगा. अचानक बंद झाल्यानेही असंच होतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो. झोपेची गोळी मागू नका, तिने भ्रम वाढू शकतो.

हात बांधून ठेवणं हा उपाय नाही. बांधलेलं माणूस जास्त झगडतं. इथे शेजारी बसलेला माणूस उपयोगी पडतो. औषधाची जागा तो घेत नाही, पण बांधायची वेळ येऊ देत नाही. आवाज खालचा, वाक्यं छोटी. "मला घरी जायचंय, गाडी चुकेल" म्हणाले तर वाद घालू नका आणि खोटंही बोलू नका. "कुठली गाडी? स्टेशनवर किती वाजता पोचायचात?" असं त्या धाग्याने बोलत राहा. राग निवला की कुठे आहेत ते सांगा. चष्मा लावा. अंधुक उजेडात सलाईनची नळी सापासारखी दिसते, आणि चष्म्याशिवाय जास्तच. सलाईनच्या हातावर बाही ओढा, दुसऱ्या हातात घडी घालायला टॉवेल किंवा जपमाळ द्या. दिवसा खिडकीकडे तोंड, दुपारची झोप अर्ध्या तासाची, चारनंतर चहा नाही. रात्री दिवे मंद, चालत असेल तर कोमट दूध. रात्री शक्यतो घरचंच माणूस बसू द्या आणि स्वयंसेवकाला दुपार द्या, म्हणजे तुम्हाला दोन तास झोप मिळेल. चार रात्री जागलेल्या मुलीला धीर धरवत नाही, यात तिचा दोष नाही.

याच भ्रमाचा दुसरा, मुका प्रकार जास्त धोक्याचा. पेशंट गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटतो. वॉर्डात त्याला "शांत पेशंट" म्हणतात. स्वयंसेवकांनी अशा शांत पेशंटची खबर आवर्जून द्यावी.

वाचक, मडगाव: कमी ऐकू येणाऱ्या आजींशी वॉर्डात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. सगळ्या वॉर्डाला कळतं.

ओरडल्याने आवाज चिरका होतो, आणि वयोमानाने आधी जातो तो नेमका वरच्या पट्टीचा आवाज ऐकण्याचा भाग. आवाज खाली आणा, सावकाश बोला, चांगल्या कानाच्या बाजूला बसा, तोंडावर उजेड पडू द्या. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा.

मशीन असून ऐकू येत नसेल तर सेल बघा. सेलच्या पाकिटावरच्या रंगावरून आकार कळतो: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. नव्या सेलवरचा कागद काढून मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. मशीन शिट्टी वाजवत असेल तर ते कानात नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ आहे. मळ काढायचं काम डॉक्टरांचं. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. उशाखाली ठेवलेलं मशीन आणि कागदात गुंडाळलेली कवळी चादरींबरोबर धुलाईला जाते आणि परत येत नाही.

समाजसेवा अधिकारी, ट्रस्टचं रुग्णालय, रत्नागिरी: आम्हाला असा उपक्रम सुरू करायचा आहे. तीस-चाळीस लोक तयार आहेत. सुरुवात कशी करावी?

तीस-चाळीस लोकांनी नको. एक वॉर्ड, दुपारचं जेवण ही एकच वेळ आणि सहा ते आठ माणसं एवढ्यावर तीन महिने काढा. आमच्या मते असे उपक्रम उत्साह कमी पडल्याने क्वचितच बंद पडतात. बहुतेकदा कारण एकच, वॉर्डात त्यांची वाट बघणारं कोणी नसतं. स्वयंसेवक येतो, नव्या सिस्टरना तो कोण ते माहीत नसतं, पिशवी ठेवायला जागा नसते, तो तासभर घुटमळतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. म्हणून आधी त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना विचारा. त्या मनापासून हो म्हणाल्या तरच तो वॉर्ड घ्या. तुमच्याकडून एकच समन्वयक असावा आणि त्याचा फोन लागायला हवा.

प्रशिक्षण अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं दोनदा, आणि त्यानंतर तीन पाळ्या अनुभवी माणसाबरोबर. भरवणं शिकवताना स्वयंसेवकांनी एकमेकांना भरवून बघावं, एकदा मान मागे टाकून आणि एकदा हनुवटी खाली घेऊन. दोन्हींतला फरक व्याख्यानाने कळत नाही. हात धुणं प्रत्यक्ष घड्याळ लावून: साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. जुलाबाच्या पेशंटनंतर साबण-पाणीच. पाळी दोन ते तीन तासांची, दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी. थकलेल्या माणसाला नव्या चेहऱ्यांची रोज भर नको असते.

ओळखपत्र, पोलीस पडताळणी, हिपॅटायटिस बीचे तीन डोस (पहिला, महिन्याने, सहा महिन्यांनी), दरवर्षी फ्लूची लस. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी. अ‍ॅप्रनचा रंग कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळा, नाहीतर नातेवाईक त्यांनाच सलाईन बंद करायला सांगतात. न करण्याच्या कामांची यादी अ‍ॅप्रनच्या खिशात छापील असू द्या: औषध देणं, सलाईन किंवा नळीला हात लावणं, उचलणं, ड्रेसिंग, संडास-लघवीची स्वच्छता, संमतीपत्रावर सही, पैसे घेणं किंवा ठेवणं, पेशंटचा फोटो काढणं. फोटो चांगल्या हेतूने काढला तरीही नाही.

सामान थोडकं लागतं. खाटेपाशी लावायचा छोटा पांढरा फळा, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, दोन, अडीच आणि तीन नंबरचे वाचायचे चष्मे, पाटी, कवळीच्या डब्या, नावाची चिकटपट्टी. फळ्यावर वार, तारीख, गाव, रुग्णालयाचं नाव आणि त्या पाळीच्या सिस्टरचं नाव. फळा रोज पुसून लिहिला जाणार नसेल तर लावू नका. तीन दिवसांपूर्वीची तारीख दाखवणारा फळा भ्रमात भर घालतो.

आणि ट्रस्टींना हे सुरुवातीलाच लेखी द्या: स्वयंसेवक आले म्हणून मावशींच्या आणि सिस्टरच्या जागा कमी करता येणार नाहीत. असं झालं तर कर्मचारी स्वयंसेवकांना शत्रू मानतील आणि ते रास्तच असेल.

वाचक, लेस्टर, इंग्लंड: इथल्या रुग्णालयात मराठी, गुजराती आजी-आजोबा एकटे पडलेले दिसतात. मला मराठी-हिंदी येतं. दुभाषी म्हणून मदत करू का?

स्वयंसेवक म्हणून नक्की जा, वैद्यकीय दुभाषी म्हणून नको. ऑपरेशनची संमती, निदान, औषधांचा डोस यासाठी रुग्णालयाने प्रशिक्षित दुभाषी द्यायचा असतो. तुम्ही तो मागवायला पेशंटला आणि घरच्यांना मदत करा. तुमच्या भाषेचा उपयोग दुसरीकडे जास्त आहे. आजी शाकाहारी आहेत, एकादशी धरतात, थंड दूध पीत नाहीत, "पोटात कालवतंय" म्हणजे काय, हे सिस्टरना तुमच्याकडून कळेल. भ्रमात किंवा स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेलं इंग्रजी आधी निसटतं आणि मातृभाषा उरते, त्यामुळे मराठीत मारलेली एक हाक बरंच काम करते.

एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, अर्ज रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागाकडे करायचा असतो. संदर्भपत्रं, पार्श्वभूमीची डीबीएस तपासणी आणि आरोग्य तपासणी होते, तेव्हा थोडा वेळ धरा. तिथे जेवायला मदत लागणाऱ्यांना लाल ट्रे देण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे, आणि अन्न-पाण्याच्या दाटपणाला ० ते ७ असे क्रमांक असतात. खाटेवरचा क्रमांक वाचल्याशिवाय घरून नेलेला शिराही देऊ नका. साउदॅम्प्टनमध्ये जेवणाच्या वेळेसाठीच स्वयंसेवक तयार केले गेले. तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का ते विचारा.

वाचक, सोलापूर: आमच्या सरकारी रुग्णालयात काही वृद्धांचं कोणीच येत नाही. डिस्चार्ज झाला तरी जाणार कुठे? स्वयंसेवक यात काय करू शकतो?

घरी नेणं, पैसे देणं, नातेवाइकांना फोन करून खडसावणं यातलं काही स्वतःहून करू नका. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना गाठा. मात्र त्यांच्याकडे नसलेली माहिती तुम्ही गोळा करू शकता. तीन-चार भेटींत बोलता बोलता गावाचं नाव, जुन्या गिरणीचं किंवा शाळेचं नाव, एखादा शेजारी, रेशनकार्ड कुठे राहिलं, पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते, असे धागे निघतात. पेशंटला विचारून ते लिहून अधीक्षकांकडे द्या.

ज्येष्ठ नागरिकांसाठीची केंद्र सरकारची हेल्पलाइन १४५६७ आहे. निवारा, कायद्याचा सल्ला, छळाच्या तक्रारी यासाठी तिथे फोन करता येतो. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो, आणि वृद्धाला स्वतः जाणं जमत नसेल तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. याच कायद्याच्या कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांनी ज्येष्ठांना शक्यतो खाटा द्याव्यात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या रांगा ठेवाव्यात असं म्हटलं आहे. ओपीडीत वेगळी रांग नसेल तर हे कलम दाखवून अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या.

डिस्चार्जच्या दिवशी मात्र स्वयंसेवकाला हाताशी भरपूर काम आहे. चष्मा, कवळी, मशीन, काठी, केसपेपर, आधारकार्ड पिशवीत आलं का ते एकेक काढून बघा. औषधं किती वेळा हे सिस्टरकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या. अक्षरओळख नसेल तर त्यांनाच सूर्य, मध्यान्ह आणि चंद्र काढून द्यायला सांगा. पुढच्या तपासणीची तारीख आणि ओपीडीचा खोली क्रमांक त्याच कागदावर असू द्या. आश्रमात किंवा निवाऱ्यात जात असतील तर तिथल्या माणसाला जेवण मऊ लागतं का, उठताना किती आधार लागतो आणि कोणत्या कानाने ऐकू येतं, हे समोर बसून सांगा. शक्य असेल तर आठवड्याने एकदा जाऊन या आणि चष्मा डोळ्यावर आहे का ते बघा.